मैदानावरील मुलांचा वाली कोण?

मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी पहाटे फटफटण्याच्या सुमारास मैदानावर फेरी मारली, तर एक चित्र हमखास दृष्टीस पडते. पोलीस भरतीची आस धरून सोळाशे मीटर धावणारी तरुण मुले, कडेला कबड्डीचा वा खो-खोचा सराव करणाऱ्या शाळकरी मुली आणि एखाद्या कोपऱ्यात फुटबॉलमागे धावणारी दहा-बारा वर्षांची पोरे. औंढा नागनाथ हे गाव त्याला अपवाद नाही. फुटबॉल हा एरवी कोल्हापूरच्या पेठांचा आणि मुंबईच्या वस्त्यांचा खेळ; परंतु २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरली आणि तिच्या तोंडावर, १५ सप्टेंबर रोजी, राज्य शासनाने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ हा उपक्रम राबवून शाळाशाळांतून फुटबॉल पोहोचविले. तेव्हापासून आडवळणाच्या गावांतही या खेळाचे नाव निघू लागले. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांच्या पायाशी चेंडू देऊन त्यांना कोणत्या वाटेवरून मागे फिरविले, हे ‘झुंड’ या चित्रपटामुळे २०२२ साली घरोघर ठाऊक झाले. खेळ मुलांना वाचवितो, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न वेगळाच आहे. या मुलांबरोबर गळ्यात शिट्टी अडकवून एक माणूस उभा असतो. त्याला सारे ‘सर’ म्हणतात. हे सर कोठून आले, पूर्वी कोठे शिकवीत होते, तेथून का निघाले, मुलांना परगावी सामन्यासाठी नेताना रात्री कोठे उतरवितात, याची चौकशी करण्याची आपल्याकडे रीत नाही. मोटारसायकल विकत घेताना कागदपत्रे तिघांना दाखवून घेणारा गृहस्थ आपले मूल मात्र केवळ विश्वासावर सोपवितो. शाळेच्या आवारात मुख्याध्यापक आहेत, सहशिक्षक आहेत, शिपाई आहे. मैदानावर हा एकटाच मनुष्य असतो. मैदानावरील मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या एकटेपणातून उद्भवतो.

एकाच हातातील किल्ली

मुलांवर होणाऱ्या अत्याचारांची चर्चा आपल्याकडे बहुधा विकृतीच्या भाषेत होते. एखादा नराधम निघाला, त्याला कठोर शासन झाले की प्रश्न संपला, अशी ही समजूत आहे. वस्तुतः विकृत मनुष्य कोणत्याही समाजात असू शकतो. त्याला संधी कोण देतो, हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे. ही संधी मैदानावरील सत्तेच्या विषम वाटणीतून मिळते.

हिंगोली हा १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. सोयाबीन, हळद आणि कापूस यांच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरणाऱ्या या भागात नोकरी म्हणजे बहुतांशी सरकारी नोकरी. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. या सवलती योग्यच आहेत. परंतु त्यांच्यामुळे क्रीडा प्रमाणपत्राला बाजारात मोल आले, हेही तितकेच खरे. ते प्रमाणपत्र मिळण्यासाठी मुलाची संघात निवड व्हावी लागते; आणि संघात कोण जाणार, हे गावपातळीवर बहुधा एकच मनुष्य ठरवितो. तोच शिकवितो, तोच निवडतो, तोच प्रवासाला नेतो, तोच मुक्कामाची व्यवस्था पाहतो आणि काही तक्रार असेल तर ती ऐकणाराही तोच असतो. अर्थशास्त्रात ज्याला मक्तेदारी म्हणतात, ती याहून निराळी नसते. दुर्मिळ वस्तूची किल्ली एकाच्याच हाती असली, की त्याच्याशी वैर धरणे कोणालाही परवडत नाही. मूल गप्प बसते ते केवळ भीतीने नव्हे. आपल्या तोंडून एक शब्द निघाला तर दोन-तीन वर्षांची मेहनत आणि घराची आशा दोन्ही बुडतील, हा हिशेब तेराव्या वर्षीही कळतो. पालकांनाही तो कळतो, आणि म्हणूनच कित्येकदा शंका आली तरी ते ती गिळून टाकतात.

हा निव्वळ तर्क नव्हे. इंग्लंडसारख्या देशात, जेथे फुटबॉल हा जणू राष्ट्रधर्म आहे, तेथे २०१६ च्या नोव्हेंबरात अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने आपल्या बालपणी प्रशिक्षक बॅरी बेनेल याने केलेल्या अत्याचाराची हकीकत जाहीरपणे सांगितली, आणि तिच्यामागोमाग शेकडो पुरुष पुढे आले. बेनेल हा क्लबसाठी होतकरू मुले हेरणारा म्हणून नावाजलेला होता. मुले त्याच्या घरी मुक्कामाला जात. आपला मुलगा व्यावसायिक खेळाडू व्हावा म्हणून आईबाप त्यांना आनंदाने पाठवीत. २०१८ साली त्याला एकतीस वर्षांची शिक्षा झाली. फुटबॉल संघटनेने नेमलेल्या क्लाइव्ह शेल्डन या विधिज्ञाने मार्च २०२१ मध्ये आपला अहवाल दिला. १९७० ते २००५ या काळातील प्रकरणांत किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित नोंदले गेले होते. ऑक्टोबर १९९५ पासून मे २००० पर्यंत, धोक्याची पुरेशी जाणीव झालेली असतानाही, संघटनेने बालसंरक्षणाची पावले उचलण्यास विलंब लावला आणि हे संस्थेचे अपयश होते, असा ठपका त्या अहवालात आहे. या पीडितांत बहुसंख्य मुलगे होते, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयास हवी.

कारण मुलग्यांना काही होत नाही, असा आपल्याकडे दृढ समज आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील साडेबारा हजारांच्या आसपास मुलांशी बोलून २००७ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला होता आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. छळणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते. मुलीला परगावी पाठविताना शंभर प्रश्न विचारणारे घर मुलाला एकही प्रश्न न विचारता गाडीत बसवून देते, ही काळजीतील तफावत मैदानावरच्या अपप्रवृत्तीला सोयीची पडते.

आपल्या देशातील नोंदी तरी काय सांगतात? १९९० साली हरियाणात एका चौदा वर्षांच्या टेनिसपटू मुलीने राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध तक्रार केली. तो बडा पोलीस अधिकारी होता. मुलीचे कुटुंब देशोधडीला लागले, १९९३ साली तिने जीवन संपविले, आणि खालच्या न्यायालयाचा निकाल लागला २००९ च्या डिसेंबरात. भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे २०१० ते २०१९ या दशकात लैंगिक छळाच्या किमान ४५ तक्रारी आल्या आणि त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, हे माहितीच्या अधिकारातून २०२० साली उघड झाले. अनेक प्रकरणांत बदली किंवा वेतन-निवृत्तिवेतनातील किरकोळ कपात एवढ्यावरच भागविण्यात आले होते. २०२२ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांखालील मुलींचा राष्ट्रीय फुटबॉल संघ युरोपच्या दौऱ्यावर असताना त्याच्या सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप झाला. त्याला दौऱ्यातून परत बोलावून बडतर्फ करण्यात आले आणि पुढे त्याच्यावर पोक्सोखाली कारवाई सुरू झाली. राष्ट्रीय संघाभोवती व्यवस्थापक, वैद्यक, अधिकारी असा सगळा लवाजमा असतो. तेथेही असा प्रसंग येत असेल, तर जेथे लवाजमाच नाही त्या तालुक्याच्या मैदानाविषयी निश्चिंत राहण्यास कोणता आधार आहे?

कायदा आहे, पाहणारा नाही

कायदाच नाही, असे म्हणण्याची सोय नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा अधिनियम, ज्याला सर्वजण पोक्सो म्हणून ओळखतात, तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो लागू होतो. विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराध अधिक गंभीर मानला आहे. एवढेच नव्हे, तर असा अपराध घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळविलाच पाहिजे; न कळविणे हाही गुन्हाच आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविल्यास त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘गावातले प्रकरण गावात मिटवू’ म्हणणारे मध्यस्थ त्यामुळे स्वतःच कायद्याच्या कक्षेत येतात. बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातील दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला, गुन्हा नोंदविण्यास विलंब झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली; तेव्हा संस्थाचालकांवर माहिती न दिल्याबद्दल याच कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता.

२०२० साली या कायद्याखाली जे नवे नियम झाले, त्यांत तर शाळा व पाळणाघरे यांच्या बरोबरीने क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे. मुलांच्या नित्य संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कायम असो वा कंत्राटी, पोलिसांकडून वेळोवेळी पडताळणी करून घ्यावी आणि त्यांना बालसुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे, असे ते नियम सांगतात. नियम उत्तम आहे. परंतु तो पाळला जातो की नाही, हे मैदानावर येऊन पाहण्याची जबाबदारी कोणाची?

येथे व्यवस्थेतील पोकळी नजरेस येते. क्रीडा मंडळ नोंदणीकृत असेल, तर त्याची नोंद संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली असते. धर्मादाय कार्यालय त्याचे हिशेब आणि विश्वस्तांतील बदल पाहते, मुले पाहत नाही. शाळांमध्ये २०२२ च्या शासन निर्णयान्वये सखी-सावित्री समित्या स्थापन झाल्या. पण शाळा सुटल्यानंतरचे मैदान त्यांच्या कक्षेत नाही. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये खासगी शिकवण्यांच्या नोंदणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील ‘शिकवणी’च्या व्याख्येतून क्रीडा, नृत्य, नाट्य हे विषय वगळलेले आहेत. म्हणजे गणित शिकविणाऱ्याने नोंदणी करावी. पंचवीस मुलांना रात्रीच्या गाडीने परगावी नेणाऱ्याने मात्र करावयास नको! २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियमाने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंच्या संरक्षणासाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद केली, हे चांगले झाले. तथापि तो कायदा राष्ट्रीय महासंघांपासून सुरू होतो. तो औंढ्याच्या मैदानापर्यंत झिरपत येण्यास किती काळ लागेल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरीकडे क्रीडा प्रमाणपत्राची गोष्ट पाहावी. ते खरे की खोटे, याची पडताळणी विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयात कागदोपत्री बारकाईने होते, कारण त्यावर नोकरी अवलंबून असते. कागदाची पडताळणी करणारी यंत्रणा शासनाने उभी केली. ज्याच्या हाती मूल दिले त्या माणसाची पडताळणी करणारी केली नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

यावर काही आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा, की गावोगावी पदरमोड करून मुलांना खेळविणारे असंख्य निरलस लोक आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहिल्यास उद्या कोण पुढे येईल? या आक्षेपातील भावना आदरणीय आहे. परंतु पतसंस्थेच्या वा शिक्षणसंस्थेच्या धनादेशावर दोन सह्या लागतात, म्हणून अध्यक्ष किंवा सचिव चोर ठरत नाही. रोखपालाची तिजोरी दुसऱ्याने मोजली, तर रोखपालाचा अपमान होत नाही. उलट उद्या रक्कम कमी भरली तर त्याच्यावरचा आळ टळतो. ‘उगाच कोणी खोटा आरोप केला तर?’ या भीतीलाही हेच उत्तर आहे. जो प्रशिक्षक मुलाबरोबर बंद खोलीत कधी एकटा नसतोच, त्याच्यावर खोटा आळ घेणे अवघड जाते. पैशाच्या बाबतीत जी सावधगिरी आपण शिष्टाचार मानतो, ती मुलांच्या बाबतीत अपमान का मानावी?

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे. चार छड्या बसल्याखेरीज खेळाडू घडत नाही, असे आजही छातीठोकपणे सांगितले जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २०१० पासून शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. वर्गात जे निषिद्ध आहे ते घंटा झाल्यावर मैदानात पवित्र कसे होते? शिवाय मार आणि लैंगिक अत्याचार या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. आपल्या शरीरावर सरांचा अधिकार आहे आणि त्याविरुद्ध बोलावयाचे नसते, हा धडा मूल पहिल्या छडीलाच शिकते. पुढच्या अपराधासाठी लागणारे मौन तेथेच तयार होते. २०१५ साली केरळातील अलप्पुळा येथील क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात जलक्रीडेचे प्रशिक्षण घेणाऱ्या चार मुलींनी विषारी फळ खाल्ले आणि त्यांतील एक दगावली. वसतिगृहातील छळाला कंटाळून त्यांनी हे केले, असा त्यांच्या घरच्यांचा आरोप होता. अशा केंद्रांतून मुलांचे ऐकून घेणारे कोणी असते काय, हा प्रश्न तेव्हा साऱ्या देशापुढे आला होता.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. अशा विषयांची जाहीर चर्चा केली, तर ग्रामीण भागातील आईबाप मुलींना मैदानावर पाठविणेच बंद करतील. ही भीती खरी आहे. काही गैर घडल्याची कुजबुज झाली, की आपल्याकडे त्या प्रशिक्षकाचे शिकविणे बंद होत नाही, मुलीचे खेळणे बंद होते. आणि पाठोपाठ तिचे लग्नही ठरते. अपराध एकाचा आणि दंड दुसरीला, असा हा व्यवहार आहे. पण त्यावर मौन हा उपाय नव्हे. मैदानावर नियम आहेत, ते फलकावर लिहिलेले आहेत आणि पाळले जातात, हे दिसू लागले तरच पालक मुलीला निर्धास्तपणे पाठवितील.

करता येण्याजोगे

यासाठी नवा कायदा करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, एकटेपणा मोडावा. सराव असो वा प्रवास, दोन प्रौढ व्यक्ती असल्याखेरीज मुले न्यावयाची नाहीत. मुली असतील तर त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे. मुक्कामात प्रशिक्षकाची आणि मुलांची खोली एक असता कामा नये. प्रशिक्षकाने मुलाला खासगीत निरोप पाठवू नयेत. जे कळवावयाचे ते पालक असलेल्या गटावर कळवावे. याला खर्च येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. सोबत जाणाऱ्या बाईंचे भाडे कोणी द्यावयाचे? मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे आहे. उरलेला भार क्रीडा खात्याने वा जिल्हा नियोजनाच्या निधीतून उचलण्याइतका लहान आहे.

दुसरी गोष्ट, मक्तेदारी मोडावी. जो शिकवितो त्यानेच एकट्याने निवडू नये. निवड किमान तिघांनी करावी, वेळा आणि गुण फलकावर लावावेत. निवडीची किल्ली एका हातातून निघाली, की गप्प बसण्याची किंमत कमी होते आणि बोलण्याचे धैर्य वाढते.

तिसरी गोष्ट, तक्रार ऐकणारा मनुष्य वेगळा असावा. इंग्लंडमध्ये आज मुलांच्या प्रत्येक क्लबला असा एक कल्याण अधिकारी नेमावा लागतो. आपल्याकडे एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिका वा परिचारिका हे काम आनंदाने करतील. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांची दूरध्वनी सेवा आता देशभर आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समिती आहे, बाल संरक्षण कक्ष आहे. तो चार आकडी क्रमांक मैदानाच्या भिंतीवर रंगविण्यास एक डबा रंग पुरे.

आणि चौथी गोष्ट शासनाने करावयाची. प्रत्येक मैदानावर निरीक्षक नेमणे शक्य नाही, हे मान्य. परंतु दोन गोष्टी शासनाच्याच हातात आहेत : मैदान आणि स्पर्धा. तालुका क्रीडा संकुलाचे मैदान वापरण्याची परवानगी आणि शासकीय स्पर्धेतील प्रवेश यांसाठी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी प्रशिक्षकाची पोलीस पडताळणी आणि वरील नियम पाळण्याचे लेखी हमीपत्र ही अट घातली, तर निरीक्षकाशिवायच बरेच काम होईल. ज्या प्रमाणपत्राच्या मोलामुळे मुले गप्प बसतात, तेच प्रमाणपत्र मग त्यांच्या संरक्षणाला उपयोगी पडेल.

गुरूला प्रश्न विचारणे हे आपल्या परंपरेत बसत नाही, असे कोणी म्हणेल. त्याने औंढ्याच्याच मंदिरातील कथा आठवावी. नामदेव गुरूच्या शोधात नागनाथाच्या देवळात आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी ते मुकाट्याने पाहून घेतले नाही; हे काय चालविले आहे, असे स्पष्ट विचारले. विसोबा रागावले नाहीत. देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे उत्तर त्यांनी दिले आणि मग त्या संवादातून गुरुशिष्यांचे नाते जडले. नर्सी नामदेव हे गाव याच जिल्ह्यात आहे. या मातीत शिष्याने आधी जाब विचारला आणि मग पाया पडला, हे येथील मुलांना सांगावयास हरकत नसावी. येत्या हंगामात मूल सामन्याला निघेल, तेव्हा बरोबर दुसरे कोण आहे आणि रात्रीचा मुक्काम कोठे आहे, हे दोन प्रश्न प्रत्येक पालकाने विचारावेत. सरळ मनाच्या प्रशिक्षकाला त्यांचा राग येणार नाही.